केसपेपरवर नसलेलं कारण

शेजारचे काका रात्री धाप लागून ॲडमिट होतात. दुसऱ्या दिवशी भेटायला गेलेल्यांपैकी कुणीतरी म्हणतं, "हवाच इतकी खराब झालीय ना हल्ली!" लगेच दुसरं म्हणतं, "हवा कसली? तीस वर्षं बिडी ओढलीय त्यांनी." तिसऱ्याला आठवतं, की घरात रंगकाम चालू होतं. काकूंच्या मते परवाच्या लग्नात नको म्हणत असताना आइस्क्रीम खाल्लं, ते भोवलं. यातलं खरं कोणतं?

एकट्या काकांपुरतं विचाराल, तर याचं छातीठोक उत्तर बहुधा कुणालाच देता येणार नाही. हजार काकांबद्दल विचाराल, तर मात्र देता येतं, आणि बऱ्यापैकी नेमकं देता येतं. ते कसं, हेच या प्रकरणात पाहायचं आहे.

१. निदानाच्या रकान्यात

मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत डिसेंबरातल्या रात्री काय चालतं, ते आधी पाहू. धाप लागलेला माणूस आडवा होत नाही. पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून तो बसलेला असतो आणि वाक्य पुरं न करता एकेक शब्द बोलतो. सिस्टरने बोटाला चिमटा लावलाय, त्यावर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा दिसतो. नेब्युलायझरच्या मास्कमधून औषधाची वाफ चालू आहे. डॉक्टर उभ्याउभ्या विचारतात, "आधीपासून दमा आहे? पंप घेता का? बिडी-सिगरेट? ताप आला होता?" मग केसपेपरवर लिहितात: धाप, दोन दिवसांपासून. खाली निदान: सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार, आणि त्यात अचानक झालेली वाढ.

बाहेरच्या हवेबद्दल डॉक्टर विचारत नाहीत. त्यात त्यांची चूकही नाही. धाप धुराने वाढली असो की सर्दीने, त्या रात्री औषधं जवळपास तीच द्यायची असतात. निदानाच्या रकान्यात आजाराचं नाव जातं, तो कशाने उफाळला हे जात नाही. त्यामुळे वर्षभराच्या नोंदवह्या चाळल्या, तरी 'वायुप्रदूषण' या नावाचा एकही रुग्ण सापडणार नाही.

संसदेत हा प्रश्न आला, की केंद्र सरकारचं ठरलेलं उत्तर असतं: केवळ वायुप्रदूषणामुळे मृत्यू किंवा आजार झाल्याचा थेट संबंध दाखवणारी निर्णायक आकडेवारी देशात उपलब्ध नाही. हे वाक्य खोटं नाही, पण माझ्या मते निरुपयोगी आहे. केवळ एकाच कारणाने रुग्णालयात गेलेला माणूस शोधायचा म्हटलं, तर अपघाताचे रुग्ण सोडून फारसं कुणी उरणार नाही. ही कसोटी तंबाखूला लावली असती, तर तीही निर्दोष सुटली असती. विचारायचा प्रश्न वेगळा आहे: हवा स्वच्छ असती, तर त्या रात्री रुग्णालयात किती माणसं कमी आली असती?

२. रवा, कणीक आणि मैदा

त्या प्रश्नाकडे जाण्याआधी हवेत आहे तरी काय, ते पाहू. बातम्यांत 'पीएम १०' आणि 'पीएम २.५' हे शब्द येतात. पीएम म्हणजे हवेत तरंगणारे सूक्ष्म कण, आणि पुढचा आकडा त्यांच्या जाडीचा. जाडी मोजतात मायक्रोमीटरमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात. आपल्या डोक्याचा केस साधारण ५० ते ७० मायक्रोमीटर जाड असतो. पीएम २.५ मध्ये अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक कण येतात.

जाडीला इतकं महत्त्व का, ते स्वयंपाकघरातल्या चाळणीवरून कळतं. रव्याची चाळण घेतली तर रवा वर राहतो, कणीक थोडी अडकते, मैदा मात्र सगळा खाली जातो. नाकातले केस, घशातला चिकटपणा आणि श्वासनलिकांचे वळणदार फाटे ही आपली चाळण. रस्त्यावरची जाड धूळ नाकातच अडकते. पीएम १० मधले जाडसर कण श्वासनलिकांपर्यंत पोचतात आणि खोकल्याबरोबर बऱ्याच अंशी बाहेर येतात. पीएम २.५ हा मैदा. तो श्वासनलिकांच्या टोकाशी असलेल्या हवेच्या फुग्यांपर्यंत जातो. हे फुगे दोन्ही फुप्फुसांत मिळून चाळीस-पन्नास कोटी असतात, आणि ऑक्सिजन रक्तात शिरतो तो इथूनच. डिझेलचा धूर, कोळसा, कचरा आणि लाकूड जळणं, कारखान्यांची धुरांडी यांच्यातून मुख्यतः असलाच मैदा निघतो. तोडलेल्या इमारतीची आणि खोदलेल्या रस्त्याची धूळ जास्त करून रव्याच्या जातीची.

आता एक छोटा हिशेब. माणूस दिवसाला साधारण दहा हजार लिटर, म्हणजे दहा घनमीटर हवा आत घेतो. समजा, हवेत दर घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम पीएम २.५ आहे. आपल्याकडच्या मोठ्या शहरांत हिवाळ्यात असे दिवस नवलाचे नाहीत. दहा घनमीटर गुणिले १०० म्हणजे १,००० मायक्रोग्रॅम, म्हणजे एक मिलिग्रॅम. वर्षभर अशीच हवा घेतली, तरी बेरीज ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास जाते, आणि त्यातलाही काही भाग उच्छ्वासाबरोबर परत बाहेर पडतो.

इतक्याशा धुळीने काय होणार, असं वाटणं साहजिक आहे. पण वजनाकडे पाहून इथे फसगत होते. हेच वजन अतिसूक्ष्म कणांत विभागलं, की कणांची संख्या प्रचंड होते, आणि प्रत्येक कणाच्या अंगावर धातू, आम्लं, अर्धवट जळालेल्या इंधनाचे अंश चिकटलेले असतात.

भारतात पीएम २.५ साठी ठरवलेली मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीला ६० आणि वर्षाच्या सरासरीला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सुचवलेले आकडे अनुक्रमे १५ आणि ५.

३. हृदयाचं यात काय काम?

हवा खराब म्हणजे खोकला आणि दमा, असं आपण धरून चालतो. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ चा अंदाज पाहा. बाहेरच्या हवेच्या प्रदूषणामुळे जगभरात सुमारे ४२ लाख माणसं अकाली मेली, आणि त्यांतले ६८ टक्के मृत्यू हृदयविकाराचे आणि पक्षाघाताचे होते. फुप्फुसांचे सगळे आजार मिळून उरलेल्या भागात येतात.

फुग्यांत शिरलेला कण गिळून टाकायला शरीराच्या सफाई करणाऱ्या पेशी धावतात. त्यांना तो पचत नाही. त्या रासायनिक संदेश सोडतात, आजूबाजूला सूज येते, आणि ते संदेश रक्तावाटे सगळीकडे जातात. रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, रक्तवाहिन्या आवळतात. हृदयाचे ठोके ठरवणाऱ्या मज्जातंतूंवरही परिणाम होतो. ज्याच्या रक्तवाहिन्या स्वच्छ आहेत त्याला यातलं काही जाणवणारही नाही. ज्याची एक रक्तवाहिनी आधीच सत्तर टक्के बुजलेली आहे, त्याला एवढा धक्का पुरतो. त्याच्या केसपेपरवर 'छातीत दुखणं' लिहिलं जातं, आणि हवेचा विषय कुणाच्या डोक्यातही येत नाही.

४. लंडनचे पाच दिवस

५ डिसेंबर १९५२ ला लंडनवर थंड हवेचा थर बसला आणि त्याच्या वर उबदार हवेचं झाकण आलं. एरवी जमिनीजवळची हवा गरम असते, ती धूर घेऊन वर जाते. त्या दिवशी उलटं झालं. थंडी म्हणून घराघरांत कोळशाच्या शेगड्या जोरात पेटल्या आणि धूर शहरातच कोंडला. ९ डिसेंबरपर्यंत ही स्थिती राहिली. एका नाट्यगृहातला ऑपेराचा प्रयोग अर्ध्यावर थांबवावा लागला, कारण प्रेक्षकांना रंगमंच दिसेना. पशुप्रदर्शनासाठी आणलेली जातिवंत गुरं दगावली. पेपरांत आधी बातमी झाली ती गुरांची.

माणसं मरत होती ती घरांत आणि रुग्णालयांत, विखरून. प्रत्येकाच्या दाखल्यावर ब्राँकायटिस, न्यूमोनिया किंवा हृदयविकार. रुग्णालयांत खाटा मिळेनात, शवपेट्या कमी पडल्या, तरी नेमकं काय झालं ते आठवड्याच्या मृत्यूंची बेरीज हाती आल्यावरच सरकारला कळलं. त्या मोसमात एरवी जितके मृत्यू होतात, त्यांपेक्षा सुमारे ४,००० जास्त झाले होते. पुढचे दोन-तीन महिनेही आकडा चढाच राहिला. सरकारी अहवालाने त्याचं खापर इन्फ्लुएन्झावर फोडलं. जवळजवळ पन्नास वर्षांनी संशोधकांनी तो हिशेब पुन्हा मांडला आणि एकूण बळी १२,००० च्या घरात असावेत असं दाखवलं. ब्रिटनचा स्वच्छ हवा कायदा १९५६ चा, तो या घटनेतून आला.

यातून शास्त्रज्ञांना एक युक्ती मिळाली: रोज किती माणसं आली ते मोजा, रोज हवा कशी होती ते मोजा, आणि दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवा.

५. सोमवारची गर्दी

ऐकायला हे सोपं वाटतं, पण करायला गेलं की फसतं. रुग्णालयात गर्दी अनेक कारणांनी होते. रविवारी अंगावर काढलेलं दुखणं घेऊन लोक सोमवारी येतात. दिवाळीत पुढे ढकलता येईल ते सगळं भाऊबीजेनंतर ढकललं जातं, त्यामुळे ऐन फटाक्यांच्या दिवशी एकूण भरती कमी दिसू शकते. हिवाळ्यात हवा कोंडते, आणि त्याच हिवाळ्यात सर्दी-तापाची साथही असते. मग धाप धुराची की साथीची?

पहिला उपाय सांख्यिकीचा. वार, ऋतू, तापमान, सण, साथ यांचा वाटा गणिताने बाजूला काढायचा आणि मग जे चढउतार उरतात ते हवेशी जुळतात का ते पाहायचं. दुसरी पद्धत मला जास्त आवडते, कारण ती काकांच्या बिडीचा वाद मिटवते. १९९१ साली माल्कम मॅक्लूअर या संशोधकाने ती मांडली. या पद्धतीत माणसाची तुलना दुसऱ्या कुणाशी न करता त्याच्या स्वतःशीच करतात.

समजा, काका मंगळवारी १२ डिसेंबरला ॲडमिट झाले. मग त्याच महिन्यातले बाकीचे मंगळवार घ्यायचे: ५, १९ आणि २६ तारीख. या तिन्ही दिवशी काका ॲडमिट झाले नव्हते. वय तेच, घर तेच, बिडी रोजचीच, मधुमेह तसाच. म्हणजे ही सगळी कारणं तुलनेतून आपोआप गळतात. मग १२ तारखेला आणि तिच्या आदल्या एक-दोन दिवशी हवा बाकीच्या मंगळवारांपेक्षा वाईट होती का, एवढाच प्रश्न उरतो. एकट्या काकांच्या बाबतीत ती योगायोगानेही वाईट असू शकते. पन्नास हजार रुग्णांच्या बाबतीत भरतीचा दिवस पुन्हा पुन्हा वाईट हवेचाच निघाला, तर त्याला योगायोग म्हणता येत नाही.

आदले दिवस धरायचे, कारण परिणाम नेहमी त्याच दिवशी दिसत नाही. हृदयाचा त्रास बहुधा त्याच दिवशी उमटतो. श्वसनाचा एक-दोन दिवस मागे राहतो. माणूस आधी घरचा पंप वाढवतो, मग गल्लीतल्या डॉक्टरकडे जातो आणि अगदी नाइलाज झाल्यावर कॅज्युअल्टी गाठतो.

६. सव्वा टक्का म्हणजे किती?

अमेरिकेत पासष्टच्या पुढच्या नागरिकांच्या सरकारी आरोग्य विम्यात प्रत्येक भरतीची नोंद राहते. फ्रान्सेस्का डोमिनिची आणि सहकाऱ्यांनी २०४ काउंट्यांमधल्या १ कोटी १५ लाख विमाधारकांच्या १९९९ ते २००२ या काळातल्या नोंदी तपासल्या आणि २००६ मध्ये निष्कर्ष छापले. पीएम २.५ दहा मायक्रोग्रॅमने वाढलं, की हृदय निकामी होऊन त्याच दिवशी भरती होणाऱ्यांचं प्रमाण १.२८ टक्क्याने वाढतं.

हा आकडा सांगितला, की ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. एवढंच? मांडून पाहू. एखाद्या मोठ्या शहरात रोज असे १०० रुग्ण भरती होतात असं धरा. पीएम २.५ दहाने वाढलं, तर एक रुग्ण जास्त. आता ते ६० वरून १६० वर गेलं, म्हणजे दहाच्या दहा पायऱ्या चढलं, तर जवळपास तेरा रुग्ण जास्त. आठवडाभर तसंच राहिलं, तर नव्वद. हे झालं एकाच आजाराचं. दमा, सीओपीडी, न्यूमोनिया, हृदयाचा झटका, पक्षाघात यांची प्रत्येकाची वेगळी बेरीज आहे.

इथे थोडा हात आखडता घ्यायला हवा. अमेरिकेतली हवा आपल्यापेक्षा पुष्कळ स्वच्छ, आणि तिथला आकडा जसाच्या तसा ओढून ३०० पर्यंत नेता येत नाही. प्रदूषण फार चढल्यावर प्रत्येक पुढच्या दहा मायक्रोग्रॅमचा परिणाम आधीच्यापेक्षा कमी होत जातो, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. दिल्लीसाठी याचा एक अप्रिय अर्थ निघतो: हवा ३०० वरून २५० वर आली, तर रुग्णालयाला फारसा फरक जाणवणार नाही. मोठा फायदा पदरात पडतो तो खालच्या पायऱ्या उतरताना.

७. कारखाना बंद पडला तो हिवाळा

गणित कितीही चोख असलं, तरी शंकेखोर म्हणणारच, की तुमच्या नजरेतून काहीतरी सुटलं असेल. त्याला खरं उत्तर प्रयोगाने द्यायचं. पण शहरावर वर्षभर धूर सोडा, मग वर्षभर थांबवा, असा प्रयोग कुणी करू देत नाही. अमेरिकेतल्या युटा राज्यात तो आपोआप घडला.

युटा व्हॅली हे डोंगरांनी वेढलेलं खोरं. तिथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभारलेला जिनिव्हा नावाचा पोलाद कारखाना होता. हिवाळ्यात खोऱ्यावर लंडनसारखंच झाकण बसायचं आणि कारखान्याचा धूर आत कोंडायचा. ऑगस्ट १९८६ मध्ये कामगार आणि मालक यांच्यातल्या वादामुळे कारखाना बंद पडला आणि सप्टेंबर १९८७ मध्ये नव्या मालकाने तो पुन्हा सुरू केला. एक हिवाळा चालू, मधला बंद, पुढचा पुन्हा चालू.

तिथल्या ब्रिगम यंग विद्यापीठात आर्डेन पोप नावाचे प्राध्यापक होते, अर्थशास्त्राचे. वैद्यकशास्त्राशी त्यांचा संबंध नव्हता. त्यांनी परिसरातल्या रुग्णालयांकडून श्वसनाच्या आजारांच्या भरतीचे आकडे मागवले आणि हवेच्या आकड्यांशेजारी ठेवले. कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यांत लहान मुलांची भरती बंद हिवाळ्याच्या दुप्पट-तिप्पट निघाली. त्याच राज्यातल्या कॅश व्हॅलीत पोलाद कारखाना नव्हता, तिथे असा चढउतार दिसला नाही. आणखी एक गोष्ट पोपना अनायासे मिळाली होती. त्या खोऱ्यातली बहुसंख्य वस्ती मॉर्मन पंथाची, आणि त्या पंथाला तंबाखू वर्ज्य. बिडीचा मुद्दा तिथे फारसा उभाच राहत नव्हता.

पोपचा शोधनिबंध १९८९ मध्ये छापून आला आणि वाद पेटला. मुलांना श्वसनाचा त्रास देणाऱ्या एका विषाणूच्या साथी त्या हिवाळ्यांत कमीजास्त होत्या, भरतीतला फरक त्यांचाच, असं टीकाकारांचं म्हणणं होतं. आक्षेप अगदीच फालतू नव्हता.

त्यावरचं सगळ्यात रोचक उत्तर बऱ्याच वर्षांनी आलं, आणि ते रद्दीत जाण्यासारख्या वस्तूतून आलं. हवा मोजण्याच्या यंत्रात एक गाळणकागद असतो. पंप त्यातून हवा ओढतो, धूळ कागदावर साठते, आणि आधीच्या व नंतरच्या वजनातल्या फरकावरून प्रदूषण काढतात. वजन झालं, की कागदाचं काम संपलं. युटातले त्या काळातले कागद मात्र जपून ठेवलेले होते: कारखाना बंद पडण्याआधीचे, बंद असतानाचे आणि पुन्हा सुरू झाल्यावरचे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेतल्या अँड्र्यू गिओ आणि रॉबर्ट डेव्हलिन यांनी त्यांच्यावरच्या धुळीचा अर्क काढला आणि अगदी अल्प प्रमाणात निरोगी स्वयंसेवकांच्या फुप्फुसांच्या एका कोपऱ्यात सोडला. चोवीस तासांनी तो भाग धुऊन त्या पाण्यात सुजेच्या खुणा तपासल्या. चालू कारखान्याच्या काळातल्या धुळीने सूज आणली. बंद काळातल्या तितक्याच धुळीने फारशी आणली नाही. चालू काळातल्या कागदांवर धातूंचं प्रमाण जास्त होतं. विषाणूची साथ त्या कागदावर बसून पंधरा वर्षं वाट पाहत नव्हती, हे उघड आहे.

अशी प्रत्येक गोष्ट इतकी सुबक निघत नाही. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या वेळी शहरातली सकाळची वाहतूक सुमारे साडेबावीस टक्क्यांनी कमी झाली आणि गरीब कुटुंबांसाठीच्या विमा योजनेतल्या मुलांच्या दम्याच्या तातडीच्या उपचारांत ४२ टक्क्यांच्या आसपास घट दिसली. वर्षानुवर्षं हे उदाहरण भाषणांत फिरलं. मग २०१० मध्ये दुसऱ्या संशोधकांनी जास्त रुग्णालयांचे आकडे घेऊन तपासलं, तेव्हा आढळलं की त्या दिवसांत आजूबाजूच्या, ऑलिंपिक नसलेल्या शहरांतही ओझोन कमी झाला होता. म्हणजे हवामानाचाच हात बराच होता. तातडीच्या रुग्णांतली घटही नीटशी दिसेना. तुलनेसाठी कॅश व्हॅलीसारखी जागाही पाहून ठेवण्याचं महत्त्व इथे कळतं.

८. बार्सिलोनाच्या बंदरातलं सोयाबीन

१९८० च्या दशकात बार्सिलोनात काही ठराविक दिवशी दम्याच्या रुग्णांचा अचानक लोंढा यायचा. दुसऱ्या दिवशी सगळं शांत. १९८१ ते १९८७ या काळात असे २६ दिवस मोजले गेले. धुरक्याचे आकडे जुळेनात, हवामानाचेही पुरते जुळेनात. जोसेप मारिया अँतो, जोर्दी सुन्येर आणि सहकारी रुग्णांचे पत्ते नकाशावर मांडत गेले, तेव्हा ठिपके बंदराच्या बाजूला दाटले. मग त्यांनी बंदराच्या नोंदी मागवल्या: कोणत्या दिवशी कोणता माल उतरला.

१९८५ आणि १९८६ या दोन वर्षांत लोंढ्याचे १३ दिवस होते. तेराच्या तेरा दिवशी बंदरात सोयाबीन उतरत होतं. गंमत अशी, की उरलेल्या ७१७ दिवसांपैकीही २६२ दिवशी सोयाबीन उतरलं होतं आणि तेव्हा काहीच झालं नव्हतं. म्हणजे सोयाबीन लागतंच, पण एकटं पुरत नाही. वारा मंद आणि शहराच्या दिशेने असला, तरच धूळ वस्तीवर येऊन बसायची. धान्य साठवण्याच्या एका सायलोवर धूळ अडवणाऱ्या पिशव्याच नव्हत्या. त्या बसवल्या, आणि लोंढे थांबले.

ही धूळ धुरांड्यातली नव्हती, पण तपासाची रीत तीच होती. कॅज्युअल्टीच्या नोंदीत तारीख, वेळ आणि पत्ता नीट लिहिलेला नसता, तर सोयाबीनचं नाव कधीच पुढे आलं नसतं.

९. एकाच माणसाबद्दल बोलता आलं तेव्हा

सुरुवातीला मी म्हटलं, की एकट्या माणसाबद्दल छातीठोक सांगता येत नाही. याला एक अपवाद नोंदलेला आहे. आग्नेय लंडनमध्ये रहदारीच्या मोठ्या रस्त्यालगत राहणारी नऊ वर्षांची एक मुलगी फेब्रुवारी २०१३ मध्ये दम्याने गेली. त्याआधीच्या तीन वर्षांत ती पंचवीसहून अधिक वेळा रुग्णालयात भरती झाली होती. पहिल्या चौकशीत मृत्यूचं कारण श्वसन बंद पडणं असं लिहिलं गेलं. आई गप्प बसली नाही. श्वसनविकारांचे तज्ज्ञ स्टीफन होलगेट यांनी मुलीच्या भरतीच्या तारखा आणि घरापासून मैलभरावरच्या प्रदूषणमापकाच्या नोंदी शेजारी ठेवल्या, आणि त्या जुळल्या. डिसेंबर २०२० मध्ये दुसऱ्या चौकशीत कॉरोनरने तिच्या मृत्यूच्या कारणांत वायुप्रदूषणाचं नाव घातलं. ब्रिटनमध्ये हे पहिल्यांदाच झालं.

इथे पद्धत हजार काकांचीच होती. फक्त एकाच मुलीच्या इतक्या भरती झाल्या होत्या, आणि जवळ मापक होता, म्हणून तिच्या एकटीवर ती चालली.

१०. दिल्ली आणि मुंबई

आपल्याकडे काम झालेलंच नाही असं नाही. मुंबईत केईएम रुग्णालयातले डॉ. एस. आर. कामत आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकातच गिरण्यांचं लालबाग, रिफायनऱ्यांचं आणि खतकारखान्याचं चेंबूर, तुलनेने स्वच्छ खार आणि एक ग्रामीण भाग अशा वस्त्यांमधल्या लोकांची फुप्फुसं तपासली होती. दिल्लीत एम्सच्या डॉ. जे. एन. पांडे आणि सहकाऱ्यांनी १९९७ आणि १९९८ या दोन वर्षांतले कॅज्युअल्टीचे रुग्ण मोजले. प्रदूषण मर्यादेच्या वर असल्यामुळे दम्याचे रुग्ण २१ टक्क्यांनी, श्वासनलिका अरुंद झाल्याचे २५ टक्क्यांनी आणि हृदयाच्या झटक्यासारख्या त्रासाचे २४ टक्क्यांनी जास्त आले, असा त्यांचा २००२ मधला निष्कर्ष. त्यानंतर दिल्लीच्या बस सीएनजीवर गेल्या आणि वाहनांची संख्या मात्र वाढतच राहिली.

मुंबईची गोष्ट वेगळी आहे. समुद्रावरून येणारा वारा रोज शहर झाडून काढतो, त्या भरवशावर मुंबई बेफिकीर राहिली. हिवाळ्यात वाऱ्याची दिशा बदलायला उशीर झाला, की धूळ जागच्या जागी राहते. २०२२-२३ च्या हिवाळ्यात ते सगळ्यांच्या डोळ्यांना दिसलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेने बांधकामांसाठी २७ कलमी नियम काढले, मोठ्या भूखंडांना ३५ फूट उंच पत्रे लावायला सांगितले, आणि त्यानंतर उच्च न्यायालयाने दिवाळीतल्या फटाक्यांची वेळ कमी केली. महापालिकेचे हे नियम मुख्यतः रव्याचे आहेत. मैदा पत्र्याने अडत नाही.

मुंबईत असा अभ्यास करायचा, तर हवेचे आकडे मिळतील. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेची 'सफर' ही यंत्रणा पुण्यात २०१३ मध्ये आणि मुंबईत २०१५ मध्ये सुरू झाली. अडचण रुग्णालयाच्या बाजूने आहे, आणि ती पत्त्याच्या रकान्यात आहे. परळच्या नाहीतर शीवच्या मोठ्या रुग्णालयात येणारा रुग्ण रत्नागिरीचा, साताऱ्याचा किंवा पार उत्तर प्रदेशातला असू शकतो. केसपेपर काढताना तो मुंबईतल्या मेहुण्याचा पत्ता देतो, कारण रेशनकार्ड तिथलं असतं किंवा निरोप तिथे पोचतो. म्हणून संशोधक आधी ठरवून झालेल्या भरती बाजूला काढतात, मग दुसऱ्या रुग्णालयातून पाठवलेल्या. उरतात ते कॅज्युअल्टीत रिक्षाने किंवा ॲम्ब्युलन्सने थेट आलेले. धाप लागलेला माणूस फार लांबून येत नाही, हे गृहीत धरून पुढचं गणित मांडता येतं. त्यातही नोंदवहीत नुसतं 'मुंबई' असेल, तर तो रुग्ण मोजणीतून जातो. पिनकोड लिहिलेला असेल, तर राहतो.